लवंगबाई आणि मागची रांग

लवंगबाईंचं खरं नाव आता दोनच ठिकाणी उरलं होतं. एक पगारपत्रकावर आणि दुसरं सासूबाईंच्या रागात. बाकी सगळ्या शाळेला त्या लवंगबाईच.

आठवीला विज्ञान आणि गणित शिकवायच्या. कोटाच्या खिशात एक चपटी पत्र्याची डबी असायची आणि डबीत लवंगा. वर्गातलं कुणी उत्तराच्या अगदी दारापर्यंत येऊन अडलं, की बाईंच्या जिभेला खाज सुटायची. सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं असं वाटायचं. तेवढ्यात डबी निघायची, एक लवंग दाढेखाली जायची आणि बाई खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या. तोंडात लवंग आहे तोवर उत्तर सांगायचं नाही, असा नियम त्यांनीच स्वतःला घालून घेतला होता.

पण पोरं कुणाची! बाईंनी पोरांचा अभ्यास घ्यायच्या आधी पोरांनी बाईंचा अभ्यास उरकला होता. "नुसती धरलीय दाढेखाली, म्हणजे आपलं बरोबर चाललंय," मागच्या बाकावर कुजबुज व्हायची. "चावायला लागल्या तर समजायचं, कुठंतरी माती खाल्ली आपण."

बाई पहिल्यापासून अशा नव्हत्या. आधी चांगल्या सरळ होत्या. फळ्यावर प्रश्न, त्याखाली उत्तर, पोरांच्या माना खाली, पेनं वर. निकाल असा लागायचा की दृष्ट काढावी. एका दुपारी काय झालं, शिक्षकखोलीत चहा ठेवला होता आणि वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी काही कामाला आली होती. बाई वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "जरा लक्ष ठेव गं. पाणी उकळलं की हाक मार."

पाणी उकळलं. उकळून उकळून निम्मं झालं. मुलगी आपली पातेल्यासमोर हाताची घडी घालून उभी.

"अगं, हाक का नाही मारलीस?"

"बाई, शंभर अंश झाले की नाही ते कळेना. थर्मामीटर कुठाय?"

"आणि हे एवढे बुडबुडे दिसत नाहीत तुला?"

"ते दिसतात," मुलगी म्हणाली, "पण आपल्या वहीतल्या उत्तरात बुडबुडे नव्हते."

शिक्षकखोली खो खो हसली. बाईही हसल्या, पण तो चहा त्यांनी तसाच ठेवून दिला. उत्तर त्यांचंच होतं, शब्दन् शब्द.

तेव्हापासून बाईंनी वर्गाची घडीच मोडली. वर्गाने एक खरी अडचण शोधायची. पुस्तकातली नको, शाळेतली हवी, हाताला लागणारी. मग तिच्या हात धुवून मागे लागायचं. वाटेत जे विज्ञान लागेल ते शिकायचं, जिथं गणितावाचून अडेल तिथं गणित करायचं. जिन्याखालचं दार धाडकन का आपटतं, यावरून एका वर्गाने हवेचा दाब असा घोटला होता की त्यातली पोरं घरी जाऊन आईबापांना दारं लावायला शिकवत होती.

मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. माणूस मनाने वाईट नव्हता. पण पालक त्यांच्याकडे कोऱ्या वह्या नाचवत यायचे, आणि पालकांना सर फार भ्यायचे.

"बाई, तुमची मुलं बोलतात छान," एकदा त्यांनी बाईंना खोलीत बोलावून सांगितलं. "पण वहीत काही दिसत नाही हो. परीक्षेत अडचण विचारत नाहीत, उत्तर विचारतात."

"सर, ज्याला अडचण फोडता येते, त्याला उत्तर—"

"मला पटवू नका. मला पटून काय उपयोग? पालकसभेत दाखवा. त्यांच्या डोळ्यांदेखत एक अडचण सोडवून दाखवा तुमच्या मुलांनी. नाही जमलं तर पुढच्या सत्रापासून आठवी मी घेतो. फळा, प्रश्न, उत्तर. तुम्ही पाचवीची हस्तकला बघा."

बाईंना साधा कागदाचा डबा चिकटवता येत नव्हता. पण दुखणं ते नव्हतं. आठवी परत मान खाली घालून लिहायला लागेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला सगळं सरळ सांगितलं आणि विचारलं, "बोला, कुठली अडचण घ्यायची?"

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे चौकशी म्हणायचे. कारण सांगायला नको. ती उठली. "सभागृह. मोठ्या सरांचं भाषण मागे काही कळत नाही."

हे खरं होतं. सभागृह नवंकोरं, लांबलचक, उंच छताचं. भिंती गुळगुळीत, फरशी दगडी. सर "विद्यार्थ्यांनो" म्हणाले की तो शब्द छताला जायचा, तिथून मागच्या भिंतीला, तिथून माघारी. आणि तोवर सरांचा पुढचा शब्द निघालेला असायचा. दोघांची वाटेत टक्कर व्हायची आणि मागच्या रांगेपर्यंत पोचायचा तो नुसता चिखल.

"बाई, ही अडचण कशी?" भोंगा ओरडला. त्याला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं. "ही तर सोय आहे!"

वर्गात हशा फुटला. बाईंनाही हसू आवरेना.

"सोय कुणाची आणि अडचण कुणाची ते आधी ठरवू," चौकशी म्हणाली. "मागच्या आठवड्यात सरांनी 'उद्या सुट्टी' म्हणून सांगितलं. पहिलीची पोरं मागे बसतात, त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी आली बिचारी दप्तरं घेऊन."

भोंग्याचा चेहरा पडला. "सुट्टी ऐकू आली नाही? मग अडचण आहे. भयंकर आहे!"

आणि आठवी कामाला लागली.

मोठ्या सरांनी आपल्या परीने उत्तर काढूनच ठेवलं होतं, आणखी मोठा ध्वनिक्षेपक. पोरांनी तो लावून बघितला. आवाज वाढला आणि चिखलही वाढला. मग कागदी पिशवी फुगवून फोडायची आणि तो फट् आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, असं ठरलं. आवाज संपल्यावर जे मागे रेंगाळतं त्याला पोरांनी नाव दिलं शेपटी. फोनमधली घड्याळं निघाली. एकाच पिशवीची शेपटी प्रत्येकाने वेगवेगळी मोजली आणि त्यावरून मारामारी व्हायची वेळ आली. भोंग्याचं घड्याळ तर सगळ्यांत उशिरा थांबायचं. त्याला शेपटी संपूच नये असं वाटायचं. बाईंनी लवंग धरली. दोन तास भांडल्यावर पोरांनीच ठरवलं, की पुन्हा पुन्हा मोजायचं, सरासरी काढायची आणि भोंग्याने घड्याळाऐवजी पिशव्या फोडायच्या.

शेपटी कापायची कशी, हे भोंग्यालाच सुचलं. "आम्ही घर बदललं ना, तेव्हा रिकाम्या खोल्यांत माझा आवाज असाच घुमायचा. मग सामान आलं, गाद्या आल्या आणि घुमणं बंद झालं. आई म्हणाली, बरं झालं, एका भोंग्याचे चार भोंगे झाले होते."

झालं! दुसऱ्या दिवसापासून घराघरांतून दुलया, रजया, जुनी पांघरुणं शाळेत यायला लागली. खिळ्यांना दोऱ्या बांधून पोरांनी ती भिंतींवर टांगली. थोड्या दुलया टांगायच्या, पिशवी फोडायची, शेपटी मोजायची, परत थोड्या टांगायच्या. आलेख काढला. जितक्या दुलया वाढतील तितकी शेपटी सारखी कमी होत जाईल आणि रेघ सरळ खाली जाईल, असं पोरांनी धरलेलं. पण रेघ आधी घसरगुंडीसारखी झपकन उतरली आणि मग आळशासारखी लोळत राहिली. असं का, म्हणून वर्ग डोकं धरून बसला. शेवटी पुस्तकातला व्यस्त प्रमाणाचा धडा पोरांनी आपण होऊन उघडला. आठवीच्या इतिहासात असं आधी कधी घडलं नव्हतं.

मोजणीच्या बाबतीत तर पोरं फारच सोवळी झाली होती. खोकला नको, खुर्ची सरकायला नको. मोजायच्या वेळी सभागृह पार रिकामं करायची. आत तिघंच राहायचे, पिशवीवाला, घड्याळवाली आणि लिहून घेणारा. बाकीचा वर्ग दाराबाहेर श्वास रोखून. चौकशी दारात पहारा द्यायची. एकदा तिने मोठ्या सरांनाही अडवलं. "सर, आत्ता नाही. माणूस चालत नाही."

थंडीचे दिवस होते. बाईंच्या घरातल्याही दोन दुलया सभागृहात लटकत होत्या. बाईंचे यजमान बसचालक, पहाटेची पाळी. ते नाक पुसत म्हणाले, "अगं, तुझ्या आठवीला आवाज ऐकू येईल, पण माझा बसला आहे त्याचं काय?"

"अहो, थोडेच दिवस."

"थोडेच दिवस म्हणत म्हणत माणूस जातो," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. सासूबाईंना सोयीचं तेवढं ऐकू यायचं. "आणि सूनबाई, माझी फुलाफुलांची दुलई कुठाय?"

"सभागृहात, आई. व्यासपीठाच्या मागे. अगदी मधोमध टांगलीय, मानाच्या जागी."

"मान तिला, थंडी मला," सासूबाई म्हणाल्या. पण दुलईला मानाची जागा मिळाली हे त्यांना आवडलंही होतं.

पालकसभेच्या आदल्या संध्याकाळी सगळं तयार झालं. चारी भिंतींना दुलया. सगळ्या भिंतींना सारखा न्याय. चौकशी व्यासपीठावरून साध्या आवाजात बोलली आणि रिकाम्या सभागृहाच्या टोकाला शब्द अन् शब्द कळला. पोरं नाचत घरी गेली. बाई मागे राहिल्या. शिपाई सभेसाठी खुर्च्या मांडत होता. एक रांग झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. बाई कौतुकाने बघत होत्या आणि बघता बघता त्यांचा हात डबीकडे गेला.

एवढ्या खुर्च्या. खुर्च्यांवर उद्या माणसं बसणार. थंडीची माणसं, जाड कोट घातलेली, शाली गुंडाळलेली. बाईंनी लवंग कडाकडा चावली. दुलई जे करते तेच माणूस करतो. आवाज खातो. पोरांनी सगळी मोजणी केली ती माणसं बाहेर काढून! आणि उद्या तर सभागृह माणसांनीच भरणार.

रात्रीच्या जेवणाला त्यांचं लक्ष नव्हतं.

"एवढंच ना?" यजमान म्हणाले. "सकाळी लवकर जा आणि सांगून टाक पोरांना. काढतील चार दुलया. त्यातली एक माझी काढायला सांग."

"सांगितलं तर आठवी वाचेल," बाई म्हणाल्या. "पण मग सर घेणार काय आणि मी घेणार काय, सारखंच की. ते फळ्यावर उत्तर देतील, मी दारात देईन."

"आणि नाही सांगितलं तर जाशील पाचवीला, डबे चिकटवायला."

डबी समोर ताटाशेजारी पडली होती. बाईंनी ती उचलून कोटाच्या खिशात टाकली. सासूबाईंना या वेळी ऐकायची सोय होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता एवढंच म्हणाल्या, "पोरांच्या तोंडचा घास पोरांनी खावा हे खरं. पण भरवणाऱ्याने ताट तरी जवळ सरकवावं."

सभेला लोटले लोक. आठवीच्या पोरांनी काय उद्योग केला ते बघायला, आणि आपल्या दुलया ओळखायलाही. "ती बघा आमची, निळी!" असं भिंतींकडे बोट दाखवून चाललं होतं. सासूबाई मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. "मला ऐकू आलं तर सगळ्यांना आलं म्हणून समजा," त्यांनी शेजारच्या बेकरीवाल्याला सांगून ठेवलं. त्याचा मुलगा म्हणजेच भोंगा.

ध्वनिक्षेपक बंद होता, साध्या आवाजात ऐकवून दाखवायचं अशी अटच होती. मोठे सर फुलाफुलांच्या दुलईसमोर उभे राहिले, खाकरले आणि बोलायला लागले.

पुढच्या चार रांगा ऐकत होत्या. मधल्या रांगा पुढे वाकल्या. शेवटच्या रांगेतून बेकरीवाल्याचा आवाज आला. "सर, ऐकू येत नाही!"

सरांनी आवाज चढवला. तो त्यांच्या तोंडातून निघायचा आणि चार रांगांपलीकडे जणू कापसात पडायचा. आधी निदान चिखल तरी पोचायचा, आता तोही नाही.

"नाही येत!"

सर थांबले. बाईंकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, वाईट वाटल्याचं दिसत होतं, आणि ते जास्त टोचणारं होतं. "बाई, ठरलं होतं आपलं."

भिंतीकडेला आठवी उभी होती, मार खाल्ल्यासारखी. बाईंचा हात खिशात गेला. डबी काढली, उघडली. रिकामी! काल तर निम्मी भरलेली होती. दाढेखाली धरायला काही नाही आणि उत्तर तर अगदी ओठांवर. आठवी हातची चाललेली. बाई उठल्या. "मुलांनो, तुम्ही एक गोष्ट—"

"बाई, थांबा!" चौकशी ओरडली. "लवंग खा!"

"संपल्या गं!"

"मग तोंडावर हात ठेवा!"

सगळी सभा हसली. आणि बाईंनी खरोखर तोंडावर हात ठेवला. एवढ्या लोकांसमोर, दोन्ही हात.

"सर, पाच मिनिटं द्या," चौकशी म्हणाली.

"उत्तर चुकलं बाळ. आता—"

"द्या हो सर," मागून बेकरीवाला म्हणाला. "आमच्याकडे पाव फुगला नाही तर भट्टी बंद करून घरी जात नाही आम्ही."

चौकशी व्यासपीठावर चढली. तिथून तिने सभेकडे बघितलं. रांगांमागून रांगा, कोट, शाली, लोकरीच्या टोप्या. काल याच जागेवरून बोलली होती, तेव्हा समोर नुसती फरशी होती. तिचं तोंड उघडलं ते मिटेना.

"भोंग्या! तुमच्या घरात सामान आलं तेव्हा घुमणं बंद झालं ना? मग सामानाबरोबर अजून काय आलं होतं?"

"काय म्हणजे? आम्ही आलो!" भोंगा म्हणाला. आणि त्याच्याही डोक्यात उजेड पडला. "अरे देवा. ही सगळी माणसं म्हणजे दुलयाच आहेत की रे!"

"आणि आपण माणसं बाहेर काढून मोजत होतो!" भिंतीकडेचा वर्ग ओरडला.

"मी तर मोठ्या सरांनापण बाहेरच ठेवलं!" असं चौकशी म्हणाली तेव्हा सर हसले. आधी थोडे, मग नीटच.

पुढचा गोंधळ बघण्यासारखा होता. दुलया उतरवायच्या हे ठरलं, पण कुठल्या? एक म्हणे छताजवळच्या, दुसरा म्हणे एक सोडून एक. चौकशीने सासूबाईंच्या दुलईकडे बोट दाखवलं. "सरांच्या मागची भिंत आधी! सर बोलतात ते हीच खाऊन टाकते. भिंत मोकळी असली तर आवाज पुढे ढकलेल. बाजूच्याही काढा, पुढच्या अर्ध्या. मागची भिंत तशीच ठेवा, नाहीतर तिथून शब्द परत येतील." बाईंच्या हातांमागे गाल फुगले होते. हसत होत्या की रडत होत्या ते कळायला मार्ग नव्हता.

भराभर दोऱ्या सुटल्या. खाली पडलेल्या दुलया बघून थंडीने काकडलेले पालक हात पुढे करायला लागले. एका आजोबांनी तर एक पायावर ओढूनही घेतली.

"नको, नको! आजोबा, द्या ती इकडे!" भोंगा धावला. "आधीच तुम्ही एक दुलई आहात, आता दोन व्हाल!" त्याने सगळा ढीग मिठीत धरून व्हरांड्यात नेऊन टाकला.

मग भोंग्याने पिशवी फुगवली. भरल्या सभागृहातली ही पहिलीच पिशवी. फट्! तीन घड्याळं थांबली, तिन्ही आकडे जवळजवळ सारखेच होते. चौकशीने आलेखावर कालच्या आकड्याजवळ बोट ठेवून मान डोलावली. "बोला सर."

मोठे सर बोलले. साध्या आवाजात, ओरडून नाही. पोरांविषयी बोलले, सभागृहाविषयी बोलले, शिस्तीविषयी बोलले, मग त्यांच्या लहानपणाविषयी बोलायला लागले. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द अन् शब्द सुटा, निवडलेल्या तांदळासारखा.

आणि सभागृह आता इतकं चांगलं झालं होतं, की शेवटच्या रांगेत सासूबाई बेकरीवाल्याच्या कानात जे म्हणाल्या तेही व्यासपीठापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. सासूबाईंची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं बोलणंच.

"आता आलं सगळं ऐकू. आधीच बरं होतं."

मग आधी मोठे सर हसले आणि त्यांच्यामागे छप्पर उडेल असं हसू उठलं. भोंगा खूश होऊन म्हणाला, "बघा सर, दोन्ही बाजूंनी चालतं!"

सरांनी भाषण तिथंच गुंडाळलं. खाली उतरून ते बाईंपाशी आले. "आठवी तुमची. पण पुढची अडचण कुठली घेणार ते मला आधी सांगा. माझ्यावर नसली म्हणजे झालं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि बाई, एक लवंग द्या मला. भाषणाआधी दाढेखाली धरत जाईन म्हणतो."

बाईंनी रिकामी डबी उघडून दाखवली. "नाहीत हो, सर. कुठं गेल्या कळत नाही. काल होत्या."

शेवटच्या रांगेतून काठी टेकत सासूबाई आल्या. हातपिशवीतून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली. आत लवंगा.

"आई! तुमच्याकडे कशा?"

"म्हटलं, तोंडात लवंग नसली म्हणजे तरी तोंड उघडशील आणि आपली आठवी वाचवशील," सासूबाई म्हणाल्या. "पण तू हात ठेवलास. आता हात काही मला चोरता येईनात." त्यांनी मोठ्या सरांच्या तळहातावर एक लवंग ठेवली, जरा विचार केला आणि आणखी दोन ठेवल्या. "तुम्हाला एका लवंगेने भागायचं नाही. आणि माझी दुलई व्हरांड्यात पडलीय, ती आधी आणून द्या."